भुकेशी वैर नको

वजन कमी झालं म्हणजे नेमकं गेलं कुठे? ओळखीच्या बऱ्याच जणांना मी हा प्रश्न विचारून पाहिला आहे. कुणी म्हणतं घामातून गेलं, कुणी म्हणतं चरबीची उष्णता झाली, कुणाला वाटतं चरबीचे स्नायू झाले. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी याचा रासायनिक हिशेब मांडला होता. दहा किलो चरबी शरीराने वापरून संपवली, तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे घटलेलं बहुतेक वजन आपण हवेत सोडून दिलेलं असतं. अर्थात, मुद्दाम भराभर श्वास घेऊन चरबी जात नाही. शरीराने जेवढी वापरायला काढली तेवढीच जाते.

मला हा हिशेब फार मोलाचा वाटतो, कारण श्वास चोवीस तास चालू असतो. झोपेत, भांडी घासताना, रांगेत उभं असताना, फोनवर बोलताना. वजन उतरतं ते या सगळ्या वेळात. सकाळचा व्यायामाचा एक तास चांगलाच, पण बाकीचे तेवीस तास आपण कसे खातो, कसे बसतो, कसे झोपतो यावर गाडी पुढे जाते की तिथेच राहते ते ठरतं. आणि तेवीस तास मन मारून कुणालाच जगता येत नाही. म्हणून वजनासाठी कुठलीही सवय लावून घेण्याआधी मी एकच गोष्ट बघते: हिने माझी भूक शांत होणार आहे की खवळणार आहे? खवळणार असेल, तर ती सवय कितीही नावाजलेली असो, मी तिच्या वाटेला जात नाही.

चाळिशी ओलांडल्यावर माझी रक्तातली साखर सीमारेषेवर आली आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. ‘किती?’ असं विचारल्यावर ते म्हणाले, ‘पाच किलो उतरवा, मग बोलू.’ मला तो आकडा फारच लहान वाटला होता. पुढे वाचनात आलं की त्यामागे भक्कम आधार आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ जणांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. एका गटाला वजन सात टक्क्यांनी कमी करायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखी हालचाल करायची, एवढंच उद्दिष्ट दिलेलं होतं. नुसता सर्वसाधारण सल्ला आणि दिसायला औषधासारखीच पण निष्क्रिय गोळी मिळालेल्या गटाच्या तुलनेत या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध घेणाऱ्यांमध्ये ते ३१ टक्क्यांनी कमी झालं. सत्तर किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे जेमतेम पाच किलो. पंधरा-वीस किलोंची स्वप्नं बघून दमून बसणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी जवळ बसवून सांगायला हवं.

भुकेची गोष्ट मात्र आधी करायला हवी.

१९४४ च्या नोव्हेंबरमध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी एक प्रयोग सुरू केला. युद्धाने होरपळलेल्या युरोपात लाखो लोक अर्धपोटी होते. त्यांना पुन्हा खाऊपिऊ घालायचं तर कसं, हे शोधायचं होतं. शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले ३६ तरुण स्वतःहून पुढे आले. सगळे धडधाकट, मनाने खंबीर. त्यांना सुरुवातीला रोज सुमारे ३,२०० कॅलरी मिळत होत्या. नंतर २४ आठवडे त्या जवळपास निम्म्यावर, म्हणजे सुमारे १,५७० वर आणल्या, आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं चालूच ठेवलं.

त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. पण मला त्यांच्या वागण्याच्या नोंदी जास्त अस्वस्थ करतात. ही मुलं पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागली. एकेक जेवण तासन्‌तास पुरवू लागली, त्यात पाणी घालून वाढवू लागली, ताटल्या चाटूनपुसून साफ करू लागली. ऐन उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजायची. नाडीचे ठोके मंदावले. थट्टामस्करी, मैत्री, पुढच्या आयुष्याचे बेत यांतलं काहीच त्यांना सुचेना. सगळं मन अन्नाभोवती घुटमळत राहिलं. आणि अन्न पुन्हा मिळू लागल्यावर पोट तुडुंब भरलं तरी त्यांची भूक भागत नव्हती. काहींचं हे कित्येक महिने चाललं.

आता हा १,५७० चा आकडा पुन्हा एकदा बघा. हल्ली कुणीही कुणालाही याहून कमी कॅलरींचा तक्ता हातात देतं. मान्य, त्या तरुणांची गरज मोठी होती आणि माणसामाणसांत फरक असतो. तरीही, अशा तक्त्यावर जगताना ज्यांचं सगळं लक्ष पुढच्या जेवणाकडे लागून राहतं आणि एखाद्या संध्याकाळी ज्यांचा बांध फुटतो, त्यांना ‘तुझ्यात जिद्दच नाही’ असं म्हणणं मला क्रूर वाटतं. तत्त्वासाठी लोकांचा रोष पत्करणारे ते ३६ तरुण काही कमी जिद्दीचे नव्हते.

शरीर असं का करतं, हे आता पुष्कळसं कळलं आहे. पगारात कपात झाली की घर चालवणारी बाई जशी आधी खर्चाला कात्री लावते आणि मग चार पैसे जास्तीचे कुठून मिळतील ते बघू लागते, तसंच शरीर करतं. ऊर्जा जपून वापरतं आणि भूक वाढवतं. चरबीच्या पेशींमधून निघणारं लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये सापडलं. साठा किती आहे ते मेंदूला कळवण्याचं काम त्याचं. साठा घटला की लेप्टिन घटतं आणि मेंदू सावध होतो. १९९९ मध्ये पोटातून निघणारं घ्रेलिन सापडलं. ते जेवणाआधी वाढतं आणि भुकेची आठवण करून देतं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात पन्नास जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवून त्यांचं वजन झपाट्याने उतरवलं, आणि वर्षभराने पुन्हा तपासलं. भूक वाढवणारे हे बदल तेव्हाही पुरते ओसरले नव्हते. पोटाला चिमटा काढून भरभर उतरवलेलं वजन ‘येरे माझ्या मागल्या’ करत परत येतं, त्यात या रेट्याचा मोठा वाटा आहे.

म्हणून माझी पहिली सवय ‘कमी खा’ ही नाही. वेळेवर आणि पोटभर जेवायचं, पण ताटात काय असेल ते बदलायचं. दुपारचं जेवण टाळलं तर संध्याकाळी सहा वाजता हातात काय येईल ते माझ्या ताब्यात नसतं. भुकेलेला माणूस विचार करून निवड करत नाही, हाताला लागेल ते तोंडात टाकतो. काहींना दिवसातून दोनदाच जेवणं मानवतं, त्यांनी खुशाल तसं करावं. पण न जेवता काढलेल्या वेळाची रात्री दुप्पट वसुली होत असेल, तर ती रीत आपली नव्हे असं समजावं.

ताटात काय बदलायचं, याबद्दल अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. वीस जणांना महिनाभर संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले, पाकीटबंद, अतिप्रक्रिया केलेले पदार्थ आणि दोन आठवडे साध्या घटकांपासून तिथेच शिजवलेलं जेवण. दोन्ही प्रकारांत समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, मेद, तंतू, मीठ सगळं जुळवलेलं. किती खायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. पाकिटातलं खाताना माणसं दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी जास्त खात होती, शिवाय भरभर खात होती. दोन आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं आणि शिजवलेल्या जेवणावर तेवढंच उतरलं. कुणीही त्यांना ‘कमी खा’ म्हटलं नव्हतं. दोन्हीकडे आपण पोटभर जेवलो असंच त्यांना वाटत होतं.

हे वाचल्यापासून मी पदार्थांची वर्गवारी ‘चांगले’ आणि ‘वाईट’ अशी करणं सोडलं. ज्याने पोट भरल्याची जाणीव टिकते ते आणि ज्याने टिकत नाही ते, एवढंच बघते. डाळी, कडधान्यं, अंडी, दही, मासे यांतली प्रथिनं भूक बराच वेळ धरून ठेवतात. शिवाय प्रथिनं पचवण्यातच त्यांच्या ऊर्जेचा वीस ते तीस टक्के भाग खर्ची पडतो. पिष्टमय पदार्थांच्या बाबतीत हा खर्च पाच-दहा टक्के आणि मेदाच्या बाबतीत त्याहूनही कमी. भाज्या आणि सालीसकट फळं जागा भरतात, चावायला वेळ घेतात आणि त्या मानाने त्यांत कॅलरी कमी. अर्धं ताट भाजीने भरलं आणि तिच्या जोडीला प्रथिनांचा पदार्थ घेतला की बाकीचं आपोआप कमी लागतं. ‘आपोआप’ हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. ज्या सवयीत दर जेवणाला स्वतःशी झगडावं लागतं ती टिकलेली मी फारशी पाहिलेली नाही.

तेलाचं मात्र आपोआप होत नाही, तिथे मोजावंच लागतं. कढई तापली की आपण बाटली तिरकी करतो. तेलाची धार पडते, तळाशी पसरते, आपण कढई जराशी फिरवतो, पुरेसं वाटत नाही म्हणून आणखी थोडी धार. हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं आणि डोळ्यांना ते ‘थोडंसंच’ दिसतं. एकदा ही नेहमीची धार मी कढईऐवजी वाटीत धरली आणि चमच्याने मोजली. पोह्यांचा मोठा चमचा चार वेळा भरला. एका मोठ्या चमच्यात साधारण १५ मिलिलिटर तेल मावतं आणि त्यात सुमारे १२० कॅलरी असतात. म्हणजे भाजीत भाजीच्या कितीतरी पट कॅलरी तेलाच्या होत्या, आणि त्यांतून पोट भरल्याची जाणीव जवळजवळ शून्य. आता बाटलीच्या शेजारी चमचा ठेवलेला असतो आणि तेल चमच्यातूनच कढईत जातं. भाजी तळाला लागतेय असं वाटलं तर पाण्याचा हबका मारते आणि झाकण ठेवते. चवीत फरक पडला का? पहिले काही दिवस पडला. मग जीभ सरावली.

पिण्याच्या पदार्थांचीही तीच तऱ्हा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात पंधरा जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या साखरेच्या गोळ्या खायला दिल्या आणि आणखी चार आठवडे तेवढ्याच कॅलरींचं साखरेचं पेय प्यायला दिलं. गोळ्या खाल्ल्या तेव्हा त्यांचं बाकीचं खाणं तेवढ्याने कमी झालं. पेय घेतलं तेव्हा झालंच नाही, आणि वजन वाढलं. पेयातून घशाखाली गेलेली साखर भुकेच्या हिशेबात फारशी धरली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली साखर, मध आणि रसांतली साखर धरून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा छोटे चमचे. दिवसातून चार कप गोड चहा-कॉफी आणि एखादं शीतपेय झालं की ही मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. मी चहातली साखर एकदम बंद केली नाही. दर थोड्या दिवसांनी चमचा जरासा उणा करत गेले. फळाचा रस मात्र पूर्णच सोडला आणि फळ चावून खाते.

जेवताना समोर टीव्ही किंवा फोनचा पडदा नको, हे सगळेच सांगतात, त्यावर जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते की पोट भरल्याची खूण मेंदूला पोचायला काही मिनिटं लागतात. ती पोचेपर्यंत आपलं लक्ष ताटाकडे असेल तरच तिचा उपयोग.

झोपेबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण वजनाचा विषय निघाला की ती कुणाच्या यादीतच नसते. शिकागो विद्यापीठातल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. एरवी साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या, वजन थोडं जास्त असलेल्या ८० तरुण माणसांपैकी निम्म्यांना त्यांच्या खाण्याबद्दल एक अवाक्षरही न सांगता फक्त झोप कशी वाढवायची याचं मार्गदर्शन केलं. त्यांची झोप रोज सरासरी सव्वा तासाने वाढली आणि खाणं दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी उतरलं. कुठलंही पथ्य नाही, मनाला आवर घालणं नाही. अपुऱ्या झोपेचा दुसरा दिवस आठवून बघा. तेव्हा भाजी-फळांची आठवण होत नाही, गोड आणि तळलेलंच हवंसं वाटतं. दमलेलं शरीर ऊर्जा मागत असतं आणि ती लवकरात लवकर कुठे मिळेल ते त्याला माहीत असतं. रात्री बारा वाजता फोन बघत पडून राहून पहाटे पाचला व्यायामाला उठणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, आधी झोपा. पाच ऐवजी साडेसहाला उठा आणि दुपारी चाला.

चालणं ही मला लाभलेली सगळ्यात चांगली सवय आहे, तरी तिच्याकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. अर्धा तास भरभर चालल्यावर मध्यम वजनाच्या माणसाच्या सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात. एखाद्या बिस्किटाच्या पुड्यात त्या सहज भरून निघतात. म्हणून ‘आज चालले आहे, आता खायला हरकत नाही’ हा हिशेब कधी जुळत नाही. चालण्याचा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की रक्तातली साखर कमी चढते, मन हलकं होतं, झोप चांगली लागते. आणि उतरलेलं वजन उतरलेलं राहायला चालण्याची फार मदत होते. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू झाली. किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या हजारो लोकांच्या सवयी तिच्यात नोंदल्या गेल्या. यातल्या बहुतेकांनी नियमित हालचाल धरून ठेवली होती, आणि सगळ्यात जास्त जणांची निवड चालणं हीच होती.

दिवसाला दहा हजार पावलं झालीच पाहिजेत, हा धाक मनातून काढून टाका. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजण्याचं जे यंत्र विकायला आलं, त्याच्या नावात हा गोल आकडा होता. तिथून तो जगभर गेला. वयस्कर स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फरक दिसला नाही. तीन हजारांवर असलेल्या माणसाने साडेचार हजारांवर यावं, एवढ्यानेही पुष्कळ काही पदरात पडतं.

आणि व्यायाम न म्हणवली जाणारी हालचालही मोजदादीत धरावी. मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हिन यांनी १९९९ मध्ये सोळा जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी गरजेपेक्षा जास्त खायला घातल्या. कुणाची चरबी अर्ध्या किलोहूनही कमी वाढली, तर कुणाची चार किलोंच्या वर गेली. फरक कशाने पडला? ज्यांची चरबी कमी वाढली त्यांची उठबस, येरझाऱ्या, चुळबुळ, उभं राहणं ही साधी हालचाल न कळत वाढलेली होती. फोन आला की मी उभी राहते आणि बोलणं संपेपर्यंत फिरत राहते. पाण्याची बाटली हाताशी ठेवत नाही, तहान लागली की उठून जाते. घरात एक वस्तू उचलून ठेवायची असली तर ‘सगळं एकदम नेऊ’ म्हणून थांबत नाही.

आठवड्यातून दोनदा घरच्याच वस्तूंनी किंवा शरीराच्या वजनाने थोडा जोर लावायचा व्यायामही करावा. खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून जोर. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही थोडे जातात. प्रथिनं आणि हा जोर मिळून त्यांना राखतात. वय वाढेल तसं याचं मोल वाढत जातं.

वजनकाट्याची काहींना भीती वाटते. ती घालवायची तर काट्यावर नेमकं काय दिसतं ते समजून घेतलं पाहिजे. सोळाव्या शतकात जन्मलेले सांतोरियो सांतोरियो नावाचे एक इटालियन वैद्य होते. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून ते जेवत, काम करत आणि सुमारे तीस वर्षं स्वतःचं, खाल्ल्याप्यायल्याचं आणि उत्सर्जनाचं वजन टिपत राहिले. पोटात गेलेल्यापैकी मोठा हिस्सा कुठल्याच दिसणाऱ्या वाटेने बाहेर पडत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि १६१४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. तेव्हा कार्बन डायऑक्साइड कुणाला ठाऊकच नव्हता. पण रोजचं वजन हे एका दिवसाचं फळ नसतं, एवढं त्यांच्या नोंदींवरूनही कळतं.

माझ्या काट्यावर एका दिवसात किलोभराचा फरक सहज दिसतो. आदल्या रात्री खारट खाल्लं की आकडा वर, जुलाब झाले की खाली, मासिक पाळीच्या आधी पुन्हा वर. यकृत आणि स्नायू मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे राखून ठेवलेली साखर, साठवतात आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कुठलंही पथ्य सुरू केलं की पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरल्याचा जो आनंद होतो, तो मुख्यतः या पाण्याचा असतो. आणि दोन दिवस लग्नाघरी जेवून आलं की दोन किलो वाढल्याचा जो धसका बसतो, तोही पाण्याचाच. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. दोन किलो चरबी अंगावर चढायला गरजेपेक्षा पंधरा हजारांहून जास्त कॅलरी खाव्या लागतील, आणि तेवढं दोन दिवसांत कुणाच्याने खाववतच नाही. म्हणून मी सकाळी उठल्यावर वजन करते, वहीत लिहिते आणि आजच्या आकड्याची तुलना कालच्याशी करत नाही. चार आठवड्यांची सरासरी कुठे चालली आहे तेवढं बघते. ज्यांचा अख्खा दिवस त्या आकड्याने बिघडतो त्यांनी काटा बाजूला ठेवावा आणि कंबरेला मोजपट्टी लावावी.

यातलं सगळं एकदम सुरू करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना ‘जेवणाबरोबर एक फळ’ किंवा ‘रात्रीच्या जेवणाआधी थोडं पळणं’ अशी प्रत्येकी एकच नवी सवय लावून घ्यायला सांगितली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर त्याने काही बिघडलं नाही. ‘आजचा दिवस गेला, आता सोमवारपासून’ असं म्हणून उरलेला आठवडा वाया घालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. दुपारी चुकलं तर रात्रीचं जेवण नेहमीसारखं जेवावं. उपास करून त्याची भरपाई करायला जाऊ नये, कारण त्यातूनच भूक पुन्हा अंगावर येते.

इतकं सगळं करूनही काहींचं वजन हलत नाही. त्यामागे थायरॉइडचा विकार असू शकतो, पीसीओएस हा स्त्रियांमधला संप्रेरकांचा विकार असू शकतो, स्टिरॉइड किंवा काही मानसिक आजारांवरची औषधं असू शकतात. अशा माणसाला आणखी कमी खायला सांगू नका, डॉक्टरांकडे पाठवा. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाण्यात मोठा बदल करण्याआधी विचारायलाच हवं, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदरपणात वजन उतरवण्याच्या मागे लागू नये. आणि जेवून झाल्यावर अपराधी वाटून ओकारी काढणं, लपून खाणं, दिवसेंदिवस उपाशी राहणं असं काही कुणाचं चाललेलं असेल, तर त्या माणसाला वजनाच्या सल्ल्याची मुळीच गरज नाही. त्याला उपचारांची आणि मायेच्या माणसाची गरज आहे.

शेवटचं सांगायचं ते घरातल्या मुलांबद्दल. त्यांच्या देखत आपण स्वतःच्या शरीराबद्दल काय बोलतो ते सगळं त्यांच्या कानांवर पडत असतं. ‘किती खातेस गं’ आणि ‘ताट साफ केल्याशिवाय उठायचं नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच घरात, कधीकधी एकाच जेवणात ऐकू येतात, आणि दोन्हींतून मूल हेच शिकतं की माझ्या पोटाचं ऐकायचं नसतं, दुसऱ्याचं ऐकायचं असतं. आमच्याकडे आता मुलांच्या वजनाबद्दल कुणी बोलत नाही. पाहुणे बोलले तर मी त्यांना तिथल्या तिथे थांबवते. ताटात काय वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं आणि किती खायचं ते मुलांनी. मुलगी ‘पुरे’ म्हणाली की पुरे, आणि तासाभराने भूक लागली म्हणाली तर फळ कापून द्यायचं.